चपळ, दणकट आणि कोल्ह्यांची नवी सून

“सून अबोल आहे, हे एका परीनं बरंच झालं. आता जाहिरातीच्या मोठ्या फळ्यावर हिचंच चित्र काढू. चेहरा गोड आहे, आणि फळ्याला कुठं बोलावं लागतं?”

मुलांनो, हे वाक्य जिच्याबद्दल होते तिने ते ऐकावे असे बोलणाऱ्याच्या मुळीच मनात नव्हते. पण कोल्ह्यांच्या बिळात भिंती पातळ असतात आणि कान मोठे. थोरला कोल्हा ओसरीवर बसून आईशी कुजबुजत होता, आणि त्याच्या धाकट्या भावाची नवी नवरी आत चुलीपाशी खेकड्यांचे कालवण ढवळत होती. तिने सगळे ऐकले, पळी काठावर आपटली आणि बेताचेच मीठ टाकले. रागाच्या भरात मीठ हमखास जास्त पडते, हे तिला माहेरीच शिकवले होते.

ती ज्या जंगलात नांदायला आली होती, तिथे दोन घराणी संगणक तयार करीत. कोल्ह्यांच्या संगणकाचे नाव ‘चपळ’ आणि साळिंदरांच्या संगणकाचे ‘दणकट’. चपळ हलका, देखणा. दणकट जाडजूड, जरा विचार करून उत्तर देणारा. कामाला म्हणाल तर दोघेही सारखेच. कोणत्या झाडाखाली किती शेंगा पुरल्या, पाऊस यायला किती अवकाश आहे, कुणाच्या पिल्लाचा वाढदिवस कधी, हे सगळे ते बिनचूक लक्षात ठेवत. (त्यांच्यासोबत मिळणाऱ्या, पंजात धरून फिरवायच्या वस्तूला काय म्हणतात, ते मात्र उंदरांच्या घरी कुणी उच्चारत नसे.)

आता दोन्ही माल सारखेच म्हटल्यावर भांडायचे कशावरून? जाहिरातीवरून! थोरल्या कोल्ह्याने बाजाराच्या पारावर नाटक सुरू केले. त्यात ससा व्हायचा चपळ आणि कासव व्हायचे दणकट. ससा उड्या मारत गणिते सोडवी. कासव “थांबा हं, आठवतोय, आठवतोय…” म्हणत म्हणत उलटे पडे आणि चारी पाय हवेत हलवत राही. प्रेक्षक पोट धरधरून हसत. मागे हलगी वाजवायला धाकटा कोल्हा. खरे तर कारखान्यात दुरुस्तीचे काम त्याच्याइतके चांगले कुणालाच येत नव्हते. पण थोरल्याचे म्हणणे असे, की दुरुस्ती कुणाला ऐकू येत नाही, हलगी नदीपर्यंत ऐकू जाते.

साळिंदरांनीही हार मानली नाही. त्यांनी पोपटांचा थवाच पढवून सोडला. पहाट झाली न झाली तोच तो झाडाझाडांवरून ओरडत निघे, “चपळ घ्याल तर पस्तावाल! चपळ पडला की फुटला! चपळ नको, चपळ नको, चपळ नको!”

संध्याकाळी थोरला कोल्हा घरी येऊन खूश होऊन सांगे, “आई, आज गर्दी पार चिंचेपर्यंत गेली होती!”

“आणि विक्री रे?” म्हातारा बाप विचारी.

“होईल हो बाबा. आधी हसतील, मग घेतील.”

अशात एके दिवशी हत्तीणआजीने दवंडी पिटवली. जंगलाचे सामाईक कोठार ती सांभाळत असे. यंदापासून कोठाराचे काम संगणकाकडे द्यायचे तिने ठरवले. दोन्ही घराण्यांनी येत्या जत्रेत आपापले म्हणणे मांडावे, आणि ज्यांचे पटेल त्यांना हे काम कायमचे मिळावे.

त्या दिवशी जेवताना सासऱ्यांनी हातातला घास खाली ठेवला. “हे काम मिळालं तर आपण तरलो. नाही मिळालं, तर दोघा भावांना पुरेल एवढं काम कारखान्यात राहणार नाही. धाकट्याला नदीपलीकडच्या जंगलात नोकरीला धाडावं लागेल. एकट्यालाच. तिथं बिळं आधीच कमी आहेत.”

नव्या सुनेने नवऱ्याच्या ताटात पाहिले. तो भाकरीचा एकच तुकडा केव्हाचा कालवणात बुडवत होता. अंगावरची हळद अजून पुरती उतरली नव्हती, आणि वियोगाची बोलणी सुरू झाली होती.

थोरल्याने मात्र छाती फुगवली. “काळजी सोडा! जत्रेत असं नाटक करतो की हत्तीणआजी सोंडेनं टाळ्या वाजवील!” दुसऱ्याच दिवशी त्याने सुनेचे चित्र रंगवलेला भला मोठा फळा वाटेवरच्या जांभळीवर टांगला. चित्रातली कोल्हीण इतकी सुंदर निघाली, की तिच्या खालून रोज जाणाऱ्या खऱ्या सुनेला कुणीच ओळखले नाही.

ती रोज जात होती, कारण तिला आमंत्रणे होती. नव्या नवरीला पहिल्या वर्षी घरोघर जेवायला बोलावायची त्या जंगलाची रीत होती. जेवायला बोलावलेल्या कोल्ह्याने यजमानांना खायचे नाही, हा नियमही सगळ्यांना पाठ होता, त्यामुळे कुणाला काळजी नव्हती.

पहिले आमंत्रण खारूताईंचे. सून पोचली तर अंगणभर खड्डेच खड्डे. खारूताई आणि तिची पिल्ले घामाघूम होऊन माती उकरत होती.

“बस हं जरा,” खारूताई धापा टाकत म्हणाली. “शेंगा पुरून ठेवल्यात, पण मेल्या कुठं पुरल्यात ते आठवत नाही!”

सून आत जाऊन बसली. कोपऱ्यात चपळ होता. त्याच्यावर भरतकामाचा रुमाल आणि रुमालावर फुलदाणी.

“खारूताई, शेंगांचं यालाच का नाही विचारलंत?”

“त्याला? अगं, आणल्यावर थोडे दिवस चालला, मग घुरघुरला आणि गप्प बसला. तुमच्या कारखान्यात निरोप धाडला. उत्तर आलं, सगळी मंडळी नाटकाला गेलीत. म्हटलं, असू दे मग शोभेला. तुझ्या घरचा माल आहे, तुला बोलायला नको, पण रुमाल मात्र छान शोभतो त्याच्यावर.”

नंतरचे आमंत्रण कावळीचे. तिच्याकडे नेहमीप्रमाणे दुसऱ्यांच्या घरचे पक्वान्न होते. आणि लोणच्याच्या बरणीला बांधलेल्या दादऱ्यावर दडपण म्हणून दणकट ठेवलेला होता.

“आम्ही हा का घेतला, सांगू?” कावळी वाढता वाढता म्हणाली. “तुमच्या नाटकातल्या कासवापायी! काय गोड पडतं गं ते उलटं! सरळ दुकानात गेले आणि म्हटलं, ते कासवाचं यंत्र द्या. महिनाभर चाललं, मग अडलं. साळिंदरांना कळवलं, तर म्हणे आमचे सगळे पोपटांना शिकवण्यात गुंतलेत.”

एवढ्यात घरट्यातून पिल्लू किंचाळले, “चपळ! चपळ! चपळ!”

“हे बघ,” कावळी हसली. “बोलायला शिकलं आणि पहिला शब्द हा! पोपटांची कृपा. आता म्हणतं, मला चपळच हवा.”

सुनेला हसू आवरेना. तिने पदर तोंडाला लावला. कोल्ह्यांच्या नाटकाने साळिंदरांचा माल खपत होता, साळिंदरांचे पोपट कोल्ह्यांचे नाव घरोघर पोचवत होते, आणि दोघांचेही संगणक कुणाच्या घरी फुलदाणी, कुणाच्या घरी दडपण होऊन बसले होते.

घरी आल्यावर तिने हे नवऱ्याला सांगितले. तो म्हणाला, “दादाला सांग ना.”

“मी? मी कालची आलेली. त्यांना वाटेल, हिला नाटकातलं काय कळतं.”

“मग करायचं काय?”

“खारूताईंनी परत बोलावलंय. या वेळी जोडीनं. येताना तुमची हत्यारं घ्या.”

“जेवायला जाताना हत्यारं? लोक काय म्हणतील?”

“काही म्हणणार नाहीत. माझ्या ओटीच्या पिशवीत मावतात.”

खारूताईंच्या घरी पाने वाढेपर्यंत धाकट्याने फुलदाणी उचलली, रुमाल घडी करून बाजूला ठेवला आणि चपळचे मागचे झाकण उघडले. आतल्या पंख्यात शेंगांची टरफले गच्च बसली होती. त्याने ती काढली, फुंकर घातली, एक सुटलेली तार जोडली. चपळ घुरघुरला. पडदा उजळला.

“पिंपळाखाली! उजव्या मुळाशी!” खारूताई ओरडली आणि वाढप तसेच टाकून बाहेर धावली. त्या दिवशी जेवायला उशीर झाला, पण शेंगा पोटभर मिळाल्या.

मग ते कावळीकडे गेले. दणकटच्या पंख्यात पिसे अडकली होती. “हा आमचा नाही,” धाकटा जरा घुटमळला.

“अडलाय ना?” सून म्हणाली.

त्याने झाकण उघडले.

आमंत्रणे वाढत गेली. बाजाराच्या दिवशी पारावर हलगीच ऐकू येईना, तेव्हा थोरला घरी आला तो पाय आपटतच.

“कुठं होतास? ससा ताल चुकून तोंडावर आपटला! लोक कासवापेक्षा त्यालाच जास्त हसले!”

“साळिंदरांच्या आळीत होतो. एकाचा दणकट अडला होता.”

“दणकट? शत्रूचं यंत्र दुरुस्त केलंस? फुकट? अरे, जत्रा तोंडावर आली!”

सासूबाईंनीही ठसक्यात सुनावले, “सून घरात आली आणि माझा मुलगा लोकांच्या घरची धूळ फुंकत फिरायला लागला!” मग सुनेकडे वळून, “तूच नेतेस ना त्याला? बोल की!”

सुनेने सासूबाईंना पाणी दिले आणि ओटीची पिशवी खुंटीवरून काढून ठेवली. उद्या घोरपडीकडे जायचे होते. म्हातारा सासरा हे सगळे बघत होता. त्याने पहिला चपळ स्वतःच्या पंजांनी बनवला होता. त्याने हळूच आपला जुना पेचकस आणून त्या पिशवीत टाकला आणि पाठ फिरवून झोपून गेला.

जत्रा भरली. धाकट्याच्या जागी हलगीला माकड बसले. नाटक झाले, आणि खरोखरच झकास झाले. कासव या वेळी दोनदा उलटे पडले. हत्तीणआजी हसून हसून डुलली. मग पोपट आले, थव्याने, तालात, रंगीत माळा घालून. त्यांनाही टाळ्या पडल्या.

सगळे शांत झाल्यावर हत्तीणआजी म्हणाली, “करमणूक छान झाली. आता मला एवढंच सांगा. भर पावसात कोठारातलं यंत्र अडलं, तर कोण येणार?”

मुख्य साळिंदर काटे फुलवून म्हणाला, “आमचं यंत्र अडतच नाही!”

“अडतच नाही! अडतच नाही!” पोपट ओरडले.

“अडत नाही?” कावळी गर्दीतून कडाडली. “मग माझ्या लोणच्यावर काय बसलं होतं?”

जत्रा हास्यकल्लोळात बुडाली. थोरला कोल्हा पुढे सरसावला. “आजी, आमचा चपळ… म्हणजे… त्याचं असं आहे…” आणि त्याने सशाला डोळ्याने खुणावले. सशाने एक कोलांटी मारली. कुणी हसले नाही.

“मी यंत्राच्या उड्या नाही विचारल्या,” हत्तीणआजी म्हणाली. “कोण येणार, ते विचारलं.” मग ती गर्दीकडे वळली. “यांना सांगता येत नसेल तर तुम्ही सांगा. तुमच्याकडं कोण आलं होतं?”

“कोल्ह्यांची नवी सून येते!” खारूताई टुणकन दगडावर चढली. “ती बघा, मागं बसलीय. नवऱ्याला घेऊन येते. जेवते थोडं, पण यंत्र सुरू झाल्याशिवाय उठत नाही.”

“आमच्याकडंही!” घोरपड म्हणाली.

“आणि माझा तर दणकट होता,” कावळी म्हणाली, “तरीसुद्धा!”

हत्तीणआजीने सोंड उंचावली. “जे दुसऱ्याचं यंत्रही अडलेलं बघू शकत नाहीत, ते स्वतःचं कोठारात अडू देणार नाहीत. काम कोल्ह्यांना.”

सासऱ्यांच्या डोळ्यांत पाणी आले. धाकटा आता कुठेही जाणार नव्हता. थोरला मात्र आनंदाने नाचायलाच लागला. “बघितलंत! मी सांगत नव्हतो? नाटकानं काम केलं! आता रोज दोन खेळ! नवी गाणी, नवे कपडे! धाकट्या, हलगी घे! आई, तू सांग त्याला!”

सासूबाईंनी तोंड उघडले, पण त्याआधीच नवी सून उठून उभी राहिली. सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या स्वच्छ आवाजात तिने म्हटले,

“भाऊजी, नाटक खरंच छान आहे, ते चालू ठेवा. त्याच्यामुळंच लोकांनी आपल्याला दार उघडलं. पण उघडलेल्या दारातून आत जाणारं आपल्याकडं कुणी नव्हतं. आता आम्ही दोघं जाणार. हलगीला माकडच ठेवा, बरं वाजवतं.”

तात्पर्य : मालाची थोरवी गावभर ओरडून सांगता येते, पण ती खरी की खोटी, हे घेणाऱ्याच्या घरी ठरते.