किल्लेदाराचा आवाज

पुष्कळ जुनी गोष्ट आहे, मुलांनो. आणि थोरांनो, तुम्हीही ऐका. एका उंच गडावर एक किल्लेदार राहत होता. त्या गडाची एक रीत होती. किल्लेदारापेक्षा वरच्या आवाजात कुणी बोलायचं नाही. पण किल्लेदाराचा आवाजच असा दणदणीत, की त्याच्याखाली सगळा गड खुशाल भांडू शकत होता. त्यामुळे ती रीत कुणाला जाचत नव्हती.

मग एका हिवाळ्यात किल्लेदाराला घशाचा आजार झाला. जीव वाचला, पण आवाज गेला. उरली ती नुसती कुजबुज.

झालं, सगळा गड कुजबुजू लागला. नगारा गुंडाळून ठेवला गेला. आया अंगाई ओठांतल्या ओठांत म्हणू लागल्या. एका गुराख्याने सवयीने गाईला हाक मारली, तर चाबकाखाली त्याची पाठ सोलून निघाली.

किल्लेदाराची म्हातारी आई त्याला म्हणाली, "बाळा, घसा तुझा बसला. लोकांचा कशाला बसवतोस?"

"आई, आज त्यांचा आवाज चढू दिला, तर उद्या मानाही वर होतील," किल्लेदार कुजबुजला.

गडावर येणाऱ्या पाहुण्यांना तिथल्या शिस्तीचं फार कौतुक वाटे. मला विचाराल, तर माझ्या अंगावर काटा येतो.

एके दिवशी किल्लेदाराची लहानगी लेक कड्याजवळच्या माळावर फुलं वेचायला गेली. तेवढ्यात दाट धुकं उतरलं. पुढचं पाऊल दिसेना. ती घाबरून ओरडली, "बाबा, मी कुणीकडं येऊ?"

तटावरच्या सगळ्यांनी ते ऐकलं. एक हाक पुरे होती. हाकेच्या रोखाने पोर चालत घरी आली असती. किल्लेदार धावत तटावर आला आणि पहारेकऱ्याला गदागदा हलवून कुजबुजला, "हाक मार! अरे, हाक मार तिला!"

पहारेकऱ्याने गुराख्याची पाठ पाहिली होती. तो कमरेत वाकला आणि खालच्या आवाजात, अदबीने म्हणाला, "किती मोठ्यानं मारू, सरकार?"

किल्लेदाराने सगळा जीव घशात आणला. आवाज फुटला नाही. धुक्यातून पुन्हा एकदा "बाबा" ऐकू आलं, बरंच लांबून. मग दगड घरंगळले, आणि त्यानंतर काही ऐकू आलं नाही.

त्याच दिवशी किल्लेदाराने ती रीत मोडली. "ओरडा रे, कुणीतरी ओरडा," असं म्हणत तो माणसांच्या पाया पडत फिरला. माणसं हात बांधून, खाली बघत उभी राहिली आणि हळूच म्हणाली, "जशी आज्ञा, सरकार."

बोध इतकाच, की जो हाताखालच्यांचा आवाज दाबून टाकतो, त्याच्या घरावर वेळ आली म्हणजे हाक द्यायला कुणी उरत नाही.