जगाची सुईण

सोनवती नदीवर पूल नव्हता, तेव्हाची ही गोष्ट. नदीच्या अलीकडे पाथरवेळ गाव आणि पलीकडे एकटीच्या झोपडीत ठकूआई सुईण राहायची. पोटात आडवं आलेलं पोरसुद्धा तिचा हात लागला की सरळ व्हायचं, असं म्हणतात.

ठकूआईला एकच खोड. तिला प्रश्न पडायचे. भैरोबाच्या देवळात सखोबा गुरव जगाच्या जन्माची कथा सांगायचा. आधी नुसतं पाणी होतं, पाण्यावर एक अंडं तरंगत होतं, ते फुटलं आणि त्यातून सगळं जग बाहेर आलं. एकदा ठकूआईनं मधेच विचारलं, "गुरवदादा, आईवाचून जन्मलेलं पोर मी काही पाहिलं नाही. मग जगाची आई कोण? त्याची नाळ कुणी कापली?"

"देवानं!"

"आणि देवाच्या वेळी सुईण कोण होती?"

लोक हसले. गुरवाला वाटलं, ही देवाची थट्टा करते. तो कडाडला, "जिचा विश्वास नाही, तिनं देवळाची पायरी चढू नये!"

ठकूआई पायऱ्या उतरून गेली. तिच्या मनाला फार लागलं. कथा आवडायची म्हणून तर तिनं विचारलं होतं.

पुढं श्रावणात गुरवाची लेक चंपा बाळंतपणाला माहेरी आली. पहाटे कळा सुरू झाल्या, उन्हं डोक्यावर आली, तरी सुटका होईना. गुरव देवापुढं बसून होता. शेवटी त्याची बायको म्हणाली, "देवानंच ठकूआईच्या हाताला गुण दिलाय. जा, बोलवा."

गुरव काठावर धावला. नदीला पूर. त्यानं टाहो फोडला, "ठकूआई, माझी चंपा!"

ठकूआईनं कासोटा खोचला आणि पाण्यात पाय घातला. "थांब गं बाई," ती नदीला म्हणाली, "तिथं कुणीतरी यायचं खोळंबलंय." असं म्हणतात, धार काढताना गाय उभी राहते तशी सोनवती उभी राहिली. पाणी ठकूआईच्या गुडघ्यावर चढलं नाही.

पोर जन्मलं, पण काळंनिळं. रडेना. दाराबाहेरून गुरव ओरडला, "देवाला हाक मार!"

"तू मार हाक. मला फुंकर घालू दे!"

त्यानं हाक मारली, तिनं फुंकर घातली, आणि पोरानं टाहो फोडला.

गुरव उंबऱ्यातच बसला. डोळे पुसत म्हणाला, "हाकेनं आलं की फुंकरीनं?"

"मला नाही ठाऊक, दादा. पण पोर रडलं की मला दर वेळी हात जोडावेसे वाटतात. कुणाला जोडायचे, ते कळत नाही. तरी जोडते."

गुरवानं तिचा हात धरून तिला देवळात नेलं, आपल्या शेजारी बसवलं. त्या दिवसापासून तो कथा सांगायचा, आणि अंड्यापाशी आला की थांबायचा. म्हणायचा, "इथवर मला ठाऊक. याच्या आधीचं ठकूआईनं विचारलंय."

ठकूआई गेली, त्या सकाळी गावातल्या तान्ह्या पोरांनी मिटलेल्या मुठी एकदम उघडल्या, असं म्हणतात.

पाथरवेळात आजही बाळाचं पहिलं रडणं ऐकू आलं की घरातली थोरली बाई दारात येते. कुठल्या देवाचं नाव घेण्याआधी मोकळ्या आभाळाकडं बघून हात जोडते आणि ठकूआईच्या वतीनं म्हणते, "जे कुणी असाल, तुमचे उपकार झाले."