सुटली म्हणा, बुवा!

एक गाव होतं, आणि मधून वाहणाऱ्या नदीनं त्याचे दोन काठ केले होते. अलीकडच्या काठावर घंटावाले राहायचे, पलीकडच्या काठावर नगारेवाले. घंटावाल्यांचा देव देवळात बसायचा आणि पहाटे घंटेनं जागा व्हायचा. नगारेवाल्यांच्या देवाला मूर्तीच नव्हती. एक मोठी मोकळी खोली आणि दारात नगारा, झालं त्यांचं देऊळ. आता यातला कोणाचा देव खरा, ते मला विचारू नका. मला ठाऊक असतं तर मी इथं बसून गोष्टी सांगत राहिले असते का?

एक रीत मात्र दोन्ही काठांची सारखी होती. दारात पाहुणा आला की आधी गूळ आणि पाणी, मग बाकीच्या गप्पा. इकडच्या मुली तिकडे दिल्या जायच्या, तिकडच्या इकडे यायच्या. भांडणंही व्हायची, पण ती शेळ्यांवरून आणि बांधावरून. देवावरून कोणी भांडत नव्हतं.

मग लढाई आली. कशावरून आली, ते आता कोणालाच धड सांगता येत नाही. दोन राजांचं काहीतरी बिनसलं होतं म्हणतात. पण भांडणात देवाला ओढलं की माणसं दुप्पट जोरानं लढतात, हे राजांना बरोबर ठाऊक असतं. घंटावाल्यांच्या पुजारीबुवांनी सगळ्यांना देवळात बोलावलं, एकेकाचा हात घंटेवर ठेवला आणि शपथ घातली, "पलीकडच्या मातीवर पाय असेपर्यंत तोंडात अन्नाचा कण नाही, पाण्याचा थेंब नाही. मोडलीस तर लेकराच्या मुळावर येईल." त्याच दिवशी पलीकडे नगारेवाल्यांच्या थोरल्या बाबांनी नगाऱ्यावर हात ठेवायला लावून अगदी तीच शपथ घातली. मतलब सरळ होता. जो खातपीत नाही तो थांबत नाही, आणि जो थांबत नाही तो मनातलं बोलत नाही.

तीन वर्षं लढाई चालली. दोन्ही काठांची पोरं गेली, कोणाचं एक, कोणाची दोन. मग राजांनी तह केला, एकमेकांना शाली पांघरल्या आणि आपापल्या राजवाड्यात जाऊन जेवले.

गावात नवा सुभेदार आला. त्यानं दवंडी पिटली, "लढाई संपली हो! जा, या, खा, प्या!" लोक जाऊयेऊ लागले खरे. पण पाहुणा यायचा, दारात गूळपाणी ठेवलेलं असायचं, पाहुणा त्याच्याकडे बघायचा, घरधनी पाहुण्याकडे बघायचा, आणि ऊन डोक्यावर आलं की पाहुणा कोरड्या घशानं नावेत जाऊन बसायचा. सुभेदार हुशार माणूस. त्यानं लोकांना समजावलं, "अरे, नदी एकच आहे. जे पाणी तिकडे पिता, तेच इकडचं!" लोक म्हणाले, "अगदी बरोबर बोललात, सरकार." आणि कोणीही प्यायलं नाही. दोन वर्षं असंच चाललं.

अलीकडच्या काठावर एक म्हातारी राहायची. बाई भारी चौकस. भाकरी फुगते कशानं, मांजर पडतं तेव्हा पायावरच का पडतं, विचारून विचारून लोकांचं डोकं उठवायची. तिला बघून शहाणी माणसं वाट बदलायची. तिची एकुलती एक लेक लढाईच्या आधी पलीकडे दिलेली होती. जावई लढाईतून जिवंत परत आला आणि आता लेकीला दिवस गेले होते.

पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत तर घंटा आणि नगाऱ्यापेक्षाही जुनी. लेकीला सासूही नव्हती, करणार कोण? पण माहेरी येऊन पाण्याचा थेंब घ्यायचा नाही, तर बाळंतपण व्हायचं कसं? म्हातारीच्या जिवाला घोर लागला. आणि घोर लागला की ती काय करायची? विचारायची.

ती सुभेदाराकडे गेली. "ही शपथ सुटते कशी हो?"

"आजी, तहाच्या कागदात शपथेचं कलमच नाही."

"मग घालायचं विसरलात होय?"

सुभेदार म्हणाला, "शपथ ही देवाकडची गोष्ट. आमचा हुकूम तिथं चालत नाही."

म्हातारी घराकडे निघाली. वाटेत मुलं खेळत होती. एकीनं दुसरीला शपथ घातली होती आणि ती दुसरी रडकुंडीला येऊन म्हणत होती, "सुटली म्हण ना गं!" पहिली म्हणाली, "सुटली," आणि खेळ पुढे चालू. म्हातारी तिथंच थबकली. घातली जिनं, सोडायची तिनं. एवढं साधं? ती तशीच देवळाकडे वळली.

"बुवा, ती शपथ देवानं घातली की तुम्ही?"

"देवाच्या नावानं मी घातली."

"मग तुम्ही सुटली म्हणा, बुवा! पोरं म्हणतात तशी."

बुवा भडकले. "पोरखेळ वाटला का हा तुला? आधी त्यांना म्हणू दे."

म्हातारी नावेत बसून पलीकडे गेली. थोरल्या बाबांनी तिचं सगळं ऐकून घेतलं, डोळे मिटले आणि म्हणाले, "आधी त्यांना म्हणू दे." म्हातारीला मोठं नवल वाटलं. देव वेगळे, पण पाठांतर एकच!

परत आल्यावर ती पुन्हा देवळाच्या पायरीशी उभी राहिली. "बुवा, एकच विचारते. तुम्हाला भीती कसली वाटते?" बुवांनी दार लावून घेतलं.

चैत्र लागला. ऊन नुसतं भाजून काढत होतं. लेकीला आठवा महिना चालू होता. एका सकाळी ती आईला भेटायला आली, दुपारच्या आत परत जायच्या बोलीनं. उंबऱ्यात पाऊल टाकलं आणि पोटात कळ आली. दिवस भरायच्या आधीच! सुईण धावत आली, पोटावर हात ठेवून म्हणाली, "हिला आता हलवायचं नाही. नावेत घातलीत तर दोन्ही जिवांना धोका."

कळा येत राहिल्या. लेकीचे ओठ सुकले, जीभ टाळ्याला चिकटली. म्हातारीनं तांब्या पुढे केला. लेकीनं तोंड फिरवलं.

शेजारीण म्हणाली, "अगं, तू खाटेवर आहेस. पाय कुठं मातीला लागलेत तुझे? पी की!"

कळ सोसतासोसता लेक हसली. "मावशी, देव काय इतका खुळा आहे?" मग आईकडे वळून म्हणाली, "आये, माझ्या एकटीच्या जिवाचं असतं तर कधीच प्याले असते. पण शपथ बाळाच्या मुळावर घातलीय गं."

सुईणीनं म्हातारीला बाजूला घेतलं. "घशात पाणी नाही, तर पोरीला जोर कुठून येणार? दिवस कलायच्या आत काहीतरी करा. नाहीतर मला पुढचं सांगवत नाही."

म्हातारी अनवाणी धावत सुटली. देवळात जाऊन तिनं बुवांचे पाय धरले. बुवांचा चेहरा पांढराफटक पडला. "अगं, माझ्या म्हणण्यानं तिची सुटत नाही. तिला बाबांनी घातली आहे."

"मग जा आणि त्यांना घेऊन या. माझं ते ऐकणार नाहीत. तुमचं ऐकतील."

"माझं का ऐकतील?"

"कारण तुम्हाला ज्याची भीती वाटते, त्याचीच त्यांना वाटते. कसली ते तुम्ही मला सांगितलं नाहीत. त्यांना तरी सांगा."

बुवा उठले. पाच वर्षांत पहिल्यांदा ते नावेत बसले. नावाड्याचा हात वल्ह्यावरच थिजला. बुवा ओरडले, "बघतोस काय? हाण!" पुढचं बोलणं त्या नावाड्यानंच मागोमाग जाऊन ऐकलं, म्हणून तर आपल्याला कळलं.

थोरले बाबा नगाऱ्यापाशी बसले होते. बुवांनी सगळं सांगितलं. बाबांनी नगाऱ्यावर हात फिरवला. मग म्हणाले, "सुटली म्हणायला किती वेळ लागतो? पण उद्या माझ्या दारात पोरं गमावलेल्या आया येतील. म्हणतील, तुझ्या एका शब्दानं सुटणारी होती, तर आमची लेकरं कशापायी मेली? त्यांना काय सांगू?"

बुवा खाली बसले. "मलाही तीच भीती आहे हो. पाच वर्षं मला झोप नाही."

"मग?"

"मग काय! तुम्ही एकटे घाबरता, मी एकटा घाबरतो. आता दोघं मिळून घाबरू. पण आधी उठा, तिकडे पोर तहानली आहे."

दोन म्हातारे एका नावेतून येताना बघून काठावरची धुणी तशीच राहिली. बाबा म्हातारीच्या घरात शिरले, खाटेशी उभे राहिले. "पोरी, तुझा हात नगाऱ्यावर मी ठेवला होता. घातली मी, सोडतोही मीच. सुटली!"

लेकीनं त्यांच्याकडे बघितलं. आवाज फुटत नव्हता, तरी म्हणाली, "बाबा, आधी तुम्ही प्या."

आईवरच गेली होती की!

बाबांनी तांब्या उचलला. ओठांपर्यंत नेला आणि तसाच खाली आणला. "सगळ्यांना मी घातली. पण माझी मीच घेतली होती. माझी कोण सोडणार?" त्यांनी बुवांकडे बघितलं. बुवांनी मान खाली घातली. हे कुठल्याच पोथीत लिहिलेलं नव्हतं.

आणि आमची चौकस म्हातारी! अशा वेळीसुद्धा तिनं विचारलंच. "बाबा, ही शपथ तुम्ही कोणाच्या विरुद्ध घेतली होती?"

"तुमच्या. या काठावरच्या माणसांच्या."

"म्हणजे माझ्याच ना? मग मी सांगते. माझ्या बाजूनं सुटली. प्या आता."

बाबा प्यायले. डोळ्यांतून धारा लागल्या होत्या, त्याही त्या पाण्यात पडल्या. मग लेकीनं तांब्या ओढून घेतला आणि गटागटा रिकामा केला, वर आणखी अर्धा मागितला. दिवस कलला तेव्हा म्हातारीच्या घरात नात रडत होती. कशी रडत होती म्हणता! दोन्ही काठांना ऐकू गेलं असेल.

दुसऱ्या दिवशी पहाटे घंटा आणि नगारा एकाच वेळी वाजले. सगळे नदीच्या वाळूत जमले. बुवा आणि बाबा हात जोडून उभे राहिले आणि म्हणाले, "शपथ देवानं घातली नव्हती, आम्ही घातली. नाव देवाचं वापरलं. आमचं चुकलं. सुटली."

तुम्हाला वाटेल, सगळे गळ्यात गळे घालून रडले. काही रडलेही. काही जण तिथल्या तिथे एकमेकांच्या ओंजळीनं पाणी प्यायले. पण एकानं ओल्या वाळूचा गोळा उचलून बुवांच्या छातीवर मारला, आणि बुवांनी तो पुसलासुद्धा नाही. अलीकडची एक बाई होती, तिचे दोन्ही मुलगे लढाईत गेले होते. ती म्हणाली, "तुमची सुटली असेल. माझी नाही सुटली." आणि निघून गेली. तिला कोणी अडवलं नाही. कोणत्या तोंडानं अडवणार?

त्या दिवसापासून थोरले बाबा रोज सकाळी नदी ओलांडून यायचे आणि त्या बाईच्या अंगणात जाऊन बसायचे. ती दार उघडायची नाही. ऊन चढलं की बाबा उठून जायचे. आंबे येऊन संपले, पाऊस पडून गेला, भाताला लोंब्या धरल्या, तरी बाबा येतच होते.

न राहवून चौकस म्हातारीनं विचारलं, "बाबा, ती तर पाणीसुद्धा विचारत नाही. मग रोज कशाला येता?"

बाबा म्हणाले, "तिनं माझ्या लोकांविरुद्ध शपथ घेतली, आणि तिची पोरं माझ्या लोकांच्या हातून गेली. मीच समोर नसलो तर ती सोडेल कोणाकडे बघून?"

"आणि नाहीच सोडली तर?"

"तर बसेन. मला दुसरं काम काय आहे?"

भाताची कापणी चालू होती त्या दिवसांत एका सकाळी त्या बाईचं दार करकरलं. बाबांनी मान वर केली. तिनं काही न बोलता उंबऱ्यावर एक तांब्या ठेवला आणि ती आत गेली. गूळ नव्हता. नुसतं पाणी होतं. बाबा ते एकेक घोट करत, पुरवून पुरवून प्यायले.

तात्पर्य विचाराल तर एवढंच: देवाचं नाव घेऊन मारलेली गाठ राजाच्या कागदानं सुटत नाही. ज्यानं मारली त्यानंच चारचौघांत 'माझं चुकलं' म्हणून ती सोडवावी, आणि मग ज्याचं दुखलं आहे त्याच्या दारात पाण्याची वाट बघत बसावं.