दोन वीत जागा

एकदा एका शेठजींनी मनावर घेतलं, की आपल्या नव्या नाट्यगृहात नळ्यांचा ऑर्गन हवा: भिंतीएवढं वाद्य, शेकडो नळ्यांतून भात्याचा वारा सोडून वाजणारं. काम सोपवलं एका वृद्ध कारागिराकडे; त्यांना सगळे मास्तर म्हणत. मास्तरांचं सारं आयुष्य हार्मोनियम घडवण्यात गेलेलं, पण हौस दांडगी. तीन वर्षं ते आणि त्यांचा शिष्य आराखडा काढत होते. एकेका नळीची लांबी, एकेका झडपेची जागा त्यात होती. पाहणाऱ्याने हात जोडावेत, असं ते काम होतं.

मग निरोप आला. नाट्यगृह रद्द, तिथे गोदाम होणार.

शिष्य तेव्हा एका भजनी मंडळाची पेटी दुरुस्त करत होता. फाटक्या भात्याला त्याने आतून कसंबसं ठिगळ चिकटवलं, पेटी बंद केली आणि आपली पिशवी भरली.

"येतो, मास्तर. तीन वर्षं पाण्यात गेली. आता हे काम माझ्याच्यानं व्हायचं नाही."

"जा. पण जाण्याआधी जरा मदत कर," मास्तर म्हणाले. त्यांनी फरशीवर खडूने आराखड्याचा एक कोपरा खऱ्या मापाने आखला: नळ्यांच्या दोन रांगा आणि मधली वाट. "यातून आत जा. मागच्या नळीपर्यंत हात ने. रेषेला अंग लागता कामा नये."

पिशवी खांद्यावर तशीच ठेवून शिष्य आत शिरला, वाकला, आखडला. खांदा रेषेबाहेर गेलाच. मास्तरांनी ओल्या फडक्याने रेषा पुसली, दोन वीत सरकवून पुन्हा आखली आणि आराखडा सुधारायला बसले.

शिष्याला राहवेना. "जो ऑर्गन होणारच नाही, मास्तर, त्यात शिरणार कोण?"

"सूर लावणारा. दर वर्षी त्याला इथूनच जावं लागणार. पाठ अवघडली, की तो मागच्या नळ्या तशाच सोडणार. ऑर्गन करायचा की नाही, हे शेठजींच्या हातात. त्या माणसाला जागा ठेवायची, हे आपल्या हातात होतं, आणि तीन वर्षांत आपल्याला ते सुचलं नाही. ही चूक दिसल्यावर कागद कसा गुंडाळू? उद्या पुढ्यात साधी पेटी आली, तरी तिला हाच हात लागणार आहे ना?"

शिष्य खडूच्या रेषांमधून बाहेर आला. मग त्याने पिशवी उतरवली, भजनी मंडळाची पेटी उघडली आणि आतलं ठिगळ सोलून काढलं.

"मास्तर," तो म्हणाला, "चांगलं चामडं कुठं ठेवलंय?"