पुसलेला तानपुरा

एकदा एका गायनाच्या शिष्यापुढे असा पेच पडला, की बिचाऱ्याची झोप उडाली. त्याच्या गुरूंचे गुरू, ज्यांना सगळे थोरले बुवा म्हणत, त्यांच्या गाण्याची एकच कॅसेट शिल्लक होती. आणि तिची फीत इतकी जीर्ण, की संगणकावर उतरवता उतरवताच तिचे तुकडे झाले. आता जे काही उरले, ते संगणकात. ते पुढच्या पिढ्यांसाठी कसे जपायचे, हे ठरवण्याचे काम त्याच्या गुरूंनी, म्हणजे बुवांनी, शिष्यावर सोपवले होते.

शिष्याने चार जाणकारांना विचारले आणि तिथेच तो फसला. एक म्हणाला, सीडीवर ठेव. दुसरा म्हणाला, उद्या सीडी वाजवायला यंत्र कुठून आणणार, इंटरनेटवर चढव. तिसऱ्याला आवाजाचा दर्जा हवा, म्हणजे फाइल भली मोठी. चौथा म्हणे, एवढी मोठी फाइल ऐकतो कोण, लहान कर. ऐकून ऐकून त्याचे डोके भणभणले. शेवटी त्याने ठरवले, की ठेवायचे कशावरही असो, आवाज तरी निर्मळ हवा. खरखर काढायची तर खरखर कोणती, ते यंत्राला आधी दाखवावे लागते. त्याने गायन सुरू होण्यापूर्वीचा तुकडा दाखवला. यंत्राने तसा आवाज सगळीकडून पुसून काढला. मूळ प्रत काढून टाकून आता हीच ठेवतो, हे सांगायला तो मोठ्या हौसेने बुवांकडे गेला.

बुवांनी डोळे मिटून ऐकले. थोरल्या बुवांचा आवाज अगदी लख्ख आला होता. बुवांनी तानपुरा स्वतःच्या मांडीवर घेतला आणि शिष्याला गायला सांगितले. शिष्य गोंधळला. गुरूने तानपुरा छेडायचा आणि शिष्याने गायचे, ही कुठली उलटी रीत? पण आज्ञा मोडवेना. आलाप जरा रंगू लागला, तोच बुवांनी तारांवर चक्क तळहात ठेवला आणि थांबू नकोस, अशी खूण केली. शिष्य गात राहिला. आपले छान चालले आहे, असेच त्याला वाटत होते. काही वेळाने बुवांनी पुन्हा तारा छेडल्या, तेव्हा त्याचा षड्ज चांगलाच उतरलेला निघाला. तो शरमला, पण हे सगळे कशासाठी, ते काही त्याला उमगेना.

तेव्हा बुवा म्हणाले, "गाणं सुरू होण्यापूर्वी नुसता तानपुरा वाजत असतो. तू यंत्राला तोच कचरा म्हणून दाखवलास. आता थोरल्या बुवांचा सूर किती सच्चा होता, हे ऐकणाऱ्याने कशावरून ओळखायचं? उद्याची यंत्रं तुझ्या यंत्रापेक्षा शहाणी असतील. खरखर काढायची तर ती काढतील. पण आज आपण टाकून दिलेलं त्यांना परत आणता येणार नाही."

शिष्याने मूळ प्रत लावली. फितीच्या खरखरीतून तानपुऱ्याचा गुंजारव हळूहळू वर आला. बुवा एकाग्र होऊन ऐकत होते.

"बुवा, तानपुऱ्यावर कोण होतं?" शिष्याने सहज विचारले.

"मी. तुझ्याच वयाचा होतो."

ज्यांना शिष्याने पुसून टाकले होते, ते समोरच बसले होते, आणि त्याने विचारले नसते तर बोललेही नसते. प्रत कशावर ठेवायची, हे त्याला अजूनही सुचले नव्हते. पण ती आहे तशीच ठेवायची, एवढे त्याने ठरवले.