ओताऱ्याच्या दाराची मूठ

खूप खूप जुन्या काळी, जेव्हा राजाला आपल्या राज्याची हद्द नीट ठाऊक नसे आणि प्रजेचंही त्यावाचून काही अडत नसे, तेव्हा एका नदीकाठच्या गावात एक ओतारी राहत होता. ओतारी म्हणजे पितळ वितळवून साच्यात ओतणारा कारागीर. कुणी घंटा ओततो, कुणी समया ओततो. हा दारांच्या मुठी ओतायचा.

लहानांनो, हसू नका. मूठ म्हणजे काय, किरकोळ वस्तू, असं तुम्हाला वाटेल. पण घरातल्या देवाला जितके हात लागत नाहीत तितके दाराच्या मुठीला लागतात. विश्वास नसेल तर आजोबांना विचारा.

या ओताऱ्याच्या मुठींना तोड नव्हती. कुणाच्या दारावर हत्तीची सोंड, कुणाच्या दारावर मोराची मान. लांबच्या गावांहून लोक येत आणि मूठ तयार होईपर्यंत धर्मशाळेत मुक्काम ठोकत. त्याची रीतही कडक होती. मूठ थंड झाली की तो तिच्यावर लहान हातोडीनं टिचकी मारी. नाद स्वच्छ आला तर बरं. जरासा घोगरा आला की मूठ परत मुशीत, म्हणजे पितळ वितळवायच्या मातीच्या भांड्यात. त्या गावातले सगळे ओतारी असंच करत. दोष असलेली मूठ कुणाच्या दाराला लावायची नाही, हा त्यांचा धर्म होता.

त्या गावाची आणखी एक रीत सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावरूनच घडलं. तिथं दिवसा कुणी दाराला आतून अडसर घालत नसे. दार नुसतं लोटलेलं असे आणि येणारा ते ढकलून सरळ आत येई. भरदिवसा अडसर घातला तर त्याचा अर्थ एकच होता: तुझा आमचा संबंध संपला. अशा दारापुढे हाक मारायची नाही, कडी वाजवायची नाही, निमूट माघारी फिरायचं. मला विचाराल तर फार दुष्ट रीत. पण मला कोण विचारतंय?

ओताऱ्याला एकच लेक होती. गोजरा तिचं नाव. आई लहानपणीच गेलेली, त्यामुळं पोर बापाच्या भट्टीशेजारीच वाढली. बाप मेणाचा साचा करी तेव्हा ती उरलेल्या मेणाची पाखरं करत बसे. बापानं कामातून मान वर करून त्या पाखरांकडं बघावं, एवढंच तिचं मागणं असे.

मोठी झाल्यावर गोजरा एकदा म्हणाली, "बाबा, मी त्या मीठवाल्याशी लग्न करणार."

हा मीठवाला बैलांच्या पाठीवर मिठाच्या गोण्या लादून गावोगाव हिंडणारा तरुण होता. माणूस भला होता. पण ओताऱ्याचं डोकं फिरलं.

"ज्याला स्वतःचं दार नाही, त्याच्या घरी ओताऱ्याची पोर जाणार?"

"जाईन," गोजरा म्हणाली.

"मग जा. पुन्हा इथं आलीस तर अडसर घातलेला असेल. भरदिवसा."

रागाच्या भरात माणूस बोलतो आणि मोकळा होतो. ऐकणाऱ्याला मात्र ते जन्मभर सांभाळावं लागतं. गोजरा गेली. जाताना तिनं मागं वळून पाहिलं की नाही, हे ओताऱ्याला कळलं नाही, कारण तो पाठ फिरवून भाता ओढत बसला होता.

त्याचा राग फार टिकला नाही. भट्टीशेजारची जागा रिकामी दिसायला लागली आणि त्याला जेवण जाईना. येणाऱ्या-जाणाऱ्या तांड्यांना तो विचारी, "माझी गोजरा दिसली का?" पण तांडे किती आणि वाटा किती. कुणाला ती दिसली नव्हती. मग त्यानं ठरवलं की लेक आज ना उद्या येईल, आणि ती आली की तिला काही सांगावं लागू नये. तोंडानं माफी मागणं त्याला कधी जमलं नव्हतं. त्याला पितळ जमत होतं.

त्याच सुमाराला घराच्या दाराची मूठ तुटली. ती त्याच्या पणजोबांच्या हातची. पिढ्यान् पिढ्या हात लागून कडेला कागदासारखी पातळ झालेली, ती एक दिवस ओताऱ्याच्या हातातच आली. दारावर नुसती दोन भोकं राहिली.

आता ते दार साधं नव्हतं. जुनं एकफळी दार, खाली उतरलेलं. त्याची खालची कड उंबऱ्यात रुतून बसायची. बाहेरून येणाऱ्यानं मूठ धरून दार जरा उचलायचं आणि मग ढकलायचं, तर ते हलायचं. मूठच नाही म्हटल्यावर उचलायचं कशाला धरून? ओताऱ्यानं आपली एक युक्ती काढली. खालच्या फटीत पायाचा अंगठा घालायचा, गुडघा फळीला लावायचा, दार वर रेटायचं आणि त्याच झटक्यात खांद्यानं धक्का द्यायचा. त्याला ते इतकं अंगवळणी पडलं की दार नादुरुस्त आहे हेच तो विसरला.

दुसऱ्यांना मात्र ते उघडत नसे. अडसर नाही हे गावाला ठाऊक होतं, म्हणून लोक बाहेर उभे राहून हाका मारत आणि तो आतून येऊन दार ओढून देई. शेजारची म्हातारी रोज भाकरी घेऊन यायची. एकदा ती भडकलीच.

"आरं ए ओताऱ्या, तुज्या दाराशी झटून झटून खांदा निखळला माजा! गावाला मुठी देतोस आन् सोताच्या दाराला भोकं?"

"करतोय मावशे, करतोय."

"काय करतोस? त्या भिंतीवर एवढ्या मुठी टांगल्यात. त्यातली एक ठोक की!"

"त्या लोकांच्या आहेत. या दाराला माझ्या गोजरेसाठी मूठ करतोय मी. दोन पाखरं, चोचीत चोच घातलेली. ती लहानपणी करायची तशी. ती आली की आधी तिचा हात त्या पाखरांवर पडेल. मग मला काही बोलावं लागणार नाही."

म्हातारीचे डोळे भरले, पण ती कच्च्या गुरूची चेली नव्हती. "ते समदं खरं," ती म्हणाली, "पर तवर साधी कडी तरी लाव. येणाऱ्याला धराया काय तरी नगं का?"

"ओताऱ्याच्या दाराला साधी कडी?" तो हसला. "लोक शेण घालतील तोंडात."

आणि मग सुरू झालं त्याचं ते वेड. पहिल्या मुठीत एका पाखराची मान आखडल्यासारखी आली. गेली मुशीत. पुढची देखणी झाली, पण टिचकी मारली तर नाद घोगरा. तीही गेली. मग पंखांवरच्या रेघा जाड वाटल्या. मग चोची भांडणाऱ्या पाखरांसारख्या दिसायला लागल्या. त्यातली कुठलीही मूठ राजाच्या दाराला शोभली असती. पण तो प्रत्येक वेळी म्हणे, "अजून नाही. माझ्या लेकीला दोषाची मूठ नको." असे उन्हाळे गेले, पावसाळे गेले. दारावरची भोकं तशीच राहिली आणि त्यातून वारा शीळ घालत राहिला.

मला या माणसाचा राग येतो. आणि राग धरून ठेवावा म्हटलं तर तोही धरवत नाही. तो आळशी असता तर बरं झालं असतं. तो तर रात्रंदिवस राबत होता, आणि लेकीसाठीच राबत होता.

एका दुपारी त्याला ते साधलं. मेणाची पाखरं हवी तशी उतरली, मातीचा साचा भाजून निघाला, पितळ वितळून लाल झालं. मूस उचलायची वेळ आली. या वेळी ओताऱ्यानं हात आखडला तर सगळी मेहनत मातीत जाते. त्याच क्षणी पुढच्या दाराकडून आवाज आला. कुणीतरी दार ढकलत होतं. एकदा, मग जोरात, मग पुन्हा एकदा हळूच.

"म्हातारी असेल," तो मनाशी म्हणाला. "नाही उघडलं तर ओरडेल."

कुणी ओरडलं नाही. त्यानं पितळ ओतलं.

मूठ थंड झाली तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. त्यानं साचा फोडला, मूठ घासली, हातोडीनं टिचकी मारली. असा नाद त्यानं आयुष्यात ऐकला नव्हता. तो एकटाच मोठ्यानं हसला. मूठ आणि खिळे घेऊन तो दाराशी आला, दार आत ओढलं, तर समोरून म्हातारी शेतावरून परतत होती. तिचा चेहरा फुललेला.

"भेटली का रं बाबा लेक? म्या लांबून बघितली, नदीकडनं येत हुती. कडेवर पोरगी बी हाय. म्हटलं, बाप-लेकीत आपण कशाला जावं, म्हणून वावरातच थांबले."

ओताऱ्याच्या हातातून खिळे पडले.

तो नदीकडं धावला. वय झालेलं, पाय भट्टीपुढं बसून बसून आखडलेले, तरी धावला. पलीकडच्या गावचा नावाडी नाव बांधून चिलीम ओढत बसला होता.

"गेली की ती," नावाडी म्हणाला. "दुपारीच पलीकडं सोडली."

"का गेली? काही बोलली का?"

नावाड्यानं त्याच्याकडं असं पाहिलं की ओताऱ्याची मान खाली गेली.

"बोलली की. नवरा साथीत गेला म्हणाली. तांड्यानं सोडून दिलं. बापाच्या पायावर पडीन म्हणून आले, पण बापानं दाराला अडसर घातलाय, भरदिवसा. आतून भात्याचा आवाज येत हुता म्हणाली, म्हंजे बाप घरातच हाय." नावाड्यानं चिलीम खाली ठेवली. "लेकराला पाणी पाजलं आन् म्हणाली, आता या गावात परत यायचं न्हाई. मी तरी काय बोलणार? अडसर घातल्यावर बोलायचं काय ऱ्हातं?"

"अडसर नव्हता!" ओतारी ओरडला. "अरे, अडसर नव्हता रे! नुसती मूठ नव्हती!"

पण हे ज्याला सांगायचं ते माणूस तिथं नव्हतं.

तो नदी उतरून गेला. पलीकडं वाट फुटत होती, आणि फुटलेली वाट पुढं पुन्हा फुटत होती. दिसेल त्याला त्यानं विचारलं. कडेवर मूल घेतलेली बाई? हो, पाहिली. कुणी म्हणालं डोंगराकडं गेली, कुणी म्हणालं समुद्राकडं. त्या वर्षी साथ होती, आणि कडेवर मूल घेऊन एकट्या चाललेल्या बाया सगळ्याच वाटांवर होत्या. तो "गोजरे, गोजरे" अशा हाका मारत रानोमाळ हिंडला. घसा बसला. पाय सुजले. मग एकाएकी त्याच्या मनात आलं, ती माघारी फिरली असेल तर? घराशी जाऊन पुन्हा दार ढकलत असेल तर? तो उलट पावली घराकडं पळाला.

घराशी कुणी नव्हतं. दार तसंच, भोकांसकट.

त्यानं परड्यातला सुंभाच्या दोरीचा एक तुकडा घेतला, दोन्ही भोकांतून ओवला आणि गाठ मारली. मग दाराची खालची कड तासली. एवढंसं काम. म्हातारीची भाकरी निवायच्या आत झालं. ते झाल्यावर तो उंबऱ्यावर बसला आणि लहान पोरासारखा रडला. म्हातारी शेजारी बसली.

दोन पाखरांची ती मूठ त्यानं दाराला लावली नाही, विकलीही नाही. गावातल्या ओताऱ्यांनी ती हातात घेऊन पाहिली आणि म्हणाले, हिच्यात एकही दोष नाही. त्यानं ती त्यांच्यासमोर मुशीत टाकली आणि वितळून पाण्यासारखी झालेली पाहिली. त्यानंतर त्यानं पुन्हा भाता ओढला नाही.

दार आता बोटानं उघडायचं. इतकं हलकं झालं होतं की वाऱ्यानंसुद्धा उघडायचं. शेजारच्या शेळीनं अंग घासलं तरी उघडायचं. आणि दार उघडलं की ओतारी उठून उभा राहायचा. "आलीस का गं?" म्हणायचा. वारा असायचा, शेळी असायची, कधी म्हातारी असायची. तो पुन्हा खाली बसायचा. म्हातारी गेल्यावर वारा आणि शेळीच राहिली. तरी त्यानं उठणं सोडलं नाही. अंथरुणाला खिळला तेव्हाही दार करकरलं की मान उचलायचा.

गोजरा आली नाही. ती कुठं गेली, तिच्या लेकराचं काय झालं, हे त्याला कधीच कळलं नाही. त्यामुळं मलाही ठाऊक नाही, आणि ठाऊक असल्याचा आव मी आणणार नाही. कुठल्याशा परक्या गावी ती आपल्या लेकीला सांगत असेल, की तुझ्या आजोबांनी आपल्या तोंडावर दार लावून घेतलं होतं. तिच्या दृष्टीनं ते खरंच होतं.

तात्पर्य: ज्याची वाट पाहतो त्याला आज दार उघडता आलं पाहिजे, दाराची शोभा मागाहून करता येते.