झाकणातल्या मुंग्या

जिथं हिरड्याची झाडं ढगांना टेकतात, तिथल्या एका वाडीत मैनू नावाची लहानगी राहायची. बाबा नव्हते. आईची पाठ सारखी दुखायची, म्हणून पाणी मैनूच भरायची. परसात त्यांची एकच मधपेटी होती. मध निघाला तर घरात नाचणी यायची. नाही निघाला तर कण्या.

पेटी लाकडी घोडीवर ठेवलेली. घोडीचे पाय मातीच्या वाट्यांत, अन् वाट्यांत पाणी. पाणी ओलांडून मुंगी वर चढत नाही. मैनू रोज वाट्या भरायची, अगदी वाहेपर्यंत.

तरी एका सकाळी तिनं झाकण उचललं, तर आतल्या बाजूला मुंग्याच मुंग्या! आणि तांदळाच्या कणीएवढी पांढरी अंडी. माश्या पेटीच्या दारापाशी गोळा होऊन चिडचिड करत होत्या.

"आता माश्या पेटी सोडणार," आई म्हणाली. "चुलीवर आधण आहे. ओत त्या मुंग्यांवर."

मैनूनं तांब्या आणला. पण एक मुंगी इवलंसं अंडं तोंडात धरून घाईनं चालली होती. मैनूचा हात उचलेना. डोळेच भरले.

तेवढ्यात कारवीच्या जांभळ्या फुलातून एक परी उतरली. बोटाएवढीच. पोपटी झगा, दवासारखे चमचमते पंख.

"रडतेस कशाला गं, ठमाबाई?"

"मुंग्या ठेवल्या तर माश्या जातील. अन् मुंग्यांना मारवत नाही."

"मग एक मागणं माग. पण नियम आहे हं. मुंग्यांच्या मनातलं मागायचं. चुकलीस तर मी गेलेच."

"त्यांना मधच हवा असेल!"

"असेल, की आहे?"

मैनू तांब्या खाली ठेवून बघत बसली. एकही मुंगी मधाकडे जात नव्हती. सगळ्या झाकणातच, उबेला. त्यांची रांग पेटीला टेकलेल्या गवताच्या एका वाकलेल्या पात्यावरून खाली उतरत होती. मैनू रांगेमागोमाग गेली. घोडीखाली मुंग्यांचं वारूळ होतं. वाट्यांतलं पाणी सांडून सांडून त्याचा चिखल झाला होता.

"अगं बाई! यांचं घर तर मीच बुडवलं!"

ती परीकडे वळली. "त्यांना कोरडं घर हवंय."

"देते. पण तुझं मागणं संपलं. मध नाही मागता यायचा."

मैनूनं घराकडे पाहिलं. म्हणाली, "कण्या खाऊ आम्ही. तू घर दे."

परीनं बांधावरच्या एका दगडाला बोट लावलं. दगडाखाली सोनेरी, कोरड्या मातीची पोकळी उघडली. मुंग्या पात्यावरून उतरू लागल्या. पांढरी अंडी घेतलेली ती रांग मोगऱ्याच्या वेणीसारखी दिसत होती. शेवटची मुंगी उतरली, तेव्हा मैनूनं पातं खुडलं. माश्या हळूहळू आत गेल्या.

"माझ्याकडं मागितलं नाहीस," परी म्हणाली, "तेही कधी कधी मी देते."

ती परसातल्या जांभळीच्या झाडावर, एका फांदीवर जाऊन बसली. तिथं तिचा प्रकाश झाला. आधी चिमूटभर, मग ओंजळभर, मग झाडभर. प्रकाश विझला तेव्हा परी नव्हती. फांदी न् फांदी पांढऱ्या बहरानं लवली होती.

आई पाठ धरून दारात आली. "एवढा उजेड कसला होता गं?"

मैनूनं नुसतं वर बोट केलं. पेटीतल्या सगळ्या माश्या जांभळीत गुणगुणत होत्या.